मंडळीत पुढारपण करायचं आणि सेवकही राहायचं, हे जमवायचं कसं?

मिरज_जंक्शन

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. या वर्षी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं सचिवपद माझ्याकडे आलंय. पोरंपोरी मिळून पंचवीसेक जण आहेत, निम्मे कॉलेजला, काही कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातात, दोघीतिघी नर्सिंग करतात. पहिल्याच मीटिंगला पंचांपैकी एक काका म्हणाले धाक ठेव, नाहीतर डोक्यावर बसतील, तर दुसरे लगेच म्हणाले अरे आपला प्रभू सेवा करायला आला, तू पण सेवक हो. दोघंही मनापासून बोलले. पण प्रत्यक्षात काय होतंय तर सतरंज्या मी टाकतोय, माईक मी जोडतोय, भजनांच्या झेरॉक्स मी आणतोय, ग्रुपवर मेसेज मी टाकतोय आणि मी जेवढं करतोय तेवढे बाकीचे निवांत होत चाललेत. हिला सेवा म्हणायचं की हमाली, तेच कळेना झालंय.

बायबलमधल्या मार्कचा १०वा अध्याय परत वाचला. याकोब आणि योहान येऊन म्हणतात आम्हाला तुझ्या उजवीकडं आणि डावीकडं बसू दे. बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडतात. मला वाटतं ते दहा चिडले कारण खुर्ची त्यांनाही पाहिजे होती, फक्त या दोघांनी आधी नंबर लावला. तेव्हा प्रभू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. वाचताना एकदम पटतं. पण रविवारी सकाळी हॉलचं कुलूप उघडल्यावर ते करायचं कसं? ज्यांनी खरंच माणसं सांभाळलीत, वॉर्ड, शाळा, बचत गट, काहीही, त्यांनी कृपया लिहा. प्रवचन नको, अनुभव पाहिजे.

सिस्टर_आक्का

बाळा, मी मिरजेत शिकले आणि पुढं सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, आता रिटायर आहे. तुझा प्रश्न वाचला आणि मला आमच्या पहिल्या वॉर्ड इनचार्ज आठवल्या. आम्ही शिकाऊ पोरी त्यांना वचकून असायचो पण त्यांच्याच वॉर्डात ड्यूटी लागावी म्हणून आमची धडपड असायची, हे दोन्ही एकाच वेळी कसं काय, ते तेव्हा कळायचं नाही.

सकाळी हँडओव्हर झाला की त्या ऑफिसात जायच्या नाहीत, वॉर्डातला सगळ्यात अवघड पेशंट असेल त्याच्या कॉटजवळ आधी जायच्या. बहुतेक वेळा तो महिनाभर पडून असलेला म्हातारा नाहीतर अर्धांगवायूची बाई. त्याच्या पाठीखाली सरळ स्वतःचा हात घालून बघायच्या, चादर ओली आहे का, ड्रॉशीटला, म्हणजे कमरेखालच्या आडव्या चादरीला, सुरकुती राहिलीय का. ती सुरकुती दिसायला एवढीशी असते पण माणूस तिच्यावर पडून राहिला की कातडी लाल होते आणि मग सोलायलाच लागते, बेडसोअर एकदा झाला की भरता भरत नाही. दर दोन तासांनी कुशी बदलायची, पाठ पुसायची, कोरडी करायची. त्यांनी हे मला शब्दात सांगितलंच नाही. पहिल्यांदा त्यांनी केलं आणि मी बघितलं. मग दोघींनी मिळून केलं. मग मी केलं आणि त्या बाजूला हात मागं बांधून उभ्या राहिल्या, मधे बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या निघून गेल्या आणि दुपारी येऊन परत पाठीखाली हात घातला.

तुझं नेमकं इथंच अडतंय बघ. तू पहिलं पाऊल रोज टाकतोयस, पुढची तीन टाकतच नाहीस. सतरंजी तू एकटा टाकतोस म्हणजे त्या पोरांना सतरंजी टाकायचा मान तू देतच नाहीस.

आणि आपल्या मिरजेतच असताना दुसरीकडं उदाहरण शोधायला कशाला जायचं. मिशनरी डॉ. वानलेस १८८९ साली या भागात आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं. सर्जन म्हणून त्यांचं नाव एवढं झालं की लांबलांबून लोक मिरजेला यायचे. अशा माणसानं नुसती ऑपरेशनं करत बसलं असतं तरी लोकांनी देवमाणूसच म्हटलं असतं. पण त्यांनी १८९७ मध्ये, म्हणजे हॉस्पिटल सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती, इथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवायची शाळा काढली. शिकवायला लागलं की स्वतःचं काम मंदावतं, हे वॉर्डात कुणीही सांगेल, शिकाऊ पोरगी हाताखाली असली की दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. तरी त्यांनी केलं. १९२८ ला ते निवृत्त होऊन मिरजेतनं गेले तेव्हा काम थांबलं नाही कारण काम करणारे हात तयार होते. टीबीच्या दवाखान्यामुळं अख्ख्या वानलेसवाडीला त्यांचं नाव पडलंय, सांगली-मिरज रोडनं जाणाऱ्या कितीजणांना ते नाव कुठून आलं हे माहीत असेल कोण जाणे.

उसाचा_फड

मी ख्रिश्चन नाही, पण धागा आवडला म्हणून लिहायलोय, चालत नसेल तर सांगा. पलूस भागात आमची गावची दूध संस्था आहे, चेअरमन आहे मी. सिस्टरांचं पटलं. पण माझी अडचण वेगळी आहे. माणसं कामचुकार असली तर शिकवता येतं, लबाड असली तर काय करायचं? दुधात पाणी घालून आणायचं, दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरला डिग्री लागली नाही की वर आमच्याच पोराशी हुज्जत घालायची. त्यात एखादा भावकीतला असतो, एखादा खरंच अडचणीतला असतो, म्हैस आटलेली, पोरीची फी भरायची. प्रेमानं घ्या म्हणजे सोडून द्या का? एकाला सोडलं की दुसऱ्या दिवशी सगळं गाव पाणी घालणार. येशू ख्रिस्तांनी अशा माणसाचं काय केलं असतं ते कुणी सांगेल का, मनापासून विचारतोय.

मिरज_जंक्शन

चालतंय की दादा, चालत नसेल कसं. उलट तुमचाच प्रश्न जास्त अवघड आहे. आमच्याकडं दुधात पाणी नाही पण वर्गणी गोळा करून हिशोब न देणारे आहेत.

सिस्टर आक्का, ती तीन पावलं वहीत लिहून घेतली.

वाईकर_मास्तरीण

फडवाल्या दादांना उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी वाईची, शाळेत शिकवते, आमच्या मंडळीत संडे स्कूल बघते.

योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते, दर पवित्र गुरुवारी आम्ही वाचतो. तिथं दोन गोष्टी आहेत ज्यांच्यावर लोक थांबत नाहीत. एक म्हणजे येशूला धरून देणारा शिष्य यहूदा तिथंच बसलेला होता. तो रात्री उठून बाहेर गेला तो नंतर, त्याआधी त्याचेही पाय धुतले गेले. येशूला माहीत होतं हा काय करणार आहे ते. तरी पाणी, तांब्या, पंचा यात फरक केला नाही. पण लगेच त्याच जेवणावर तो उघड बोलला की तुमच्यातलाच एक मला धरून देणार. गप्प बसून सांभाळून घेतलं नाही. म्हणजे दादा, तुमच्या त्या पाणी घालणाऱ्याला अपमान न करता वागवायचं, त्याच्या पोरीच्या फीची खरंच सोय बघायची आणि पाणी घातलेलं दूध मात्र परतच करायचं. यातलं एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. उलट मी तर म्हणेन ज्याची फी भरायला तुम्ही धावून गेलात त्यालाच तुम्ही दूध परत घेऊन जा म्हणून हक्कानं सांगू शकता.

दुसरी गोष्ट सचिवसाहेबांसाठी. पाय धुऊन झाल्यावर येशूने परत आपली वस्त्रं घातली आणि आपल्या जागी बसला. आणि म्हणाला की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता, कारण मी तो आहे. त्याने आपली जागा नाकारली नाही, "छे छे मी कुठला गुरू" असं काही नाही. आपल्याकडं नम्रता म्हणजे मी कोणीच नाही असं म्हणत राहायचं आणि निर्णय घ्यायची वेळ आली की "तुम्हीच ठरवा" म्हणून अंग काढून घ्यायचं अशी एक रीत पडलीय, त्याचा मला फार राग येतो. सचिव आहेस तर सचिव राहा. कार्यक्रम किती वाजता सुरू होणार हे तू ठरव आणि त्या वेळेला सुरू कर, चारच जण आलेले असले तरी.

धाकाबद्दल म्हणशील तर पेत्राच्या पहिल्या पत्राचा ५वा अध्याय वाच. कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा, असं तिथं मंडळीच्या वडिलांना सांगितलंय. आणि लिहिणारा कोण, तर ज्यानं अंगणातल्या शेकोटीपाशी तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं तोच. त्याला नंतर प्रभूने समुद्रकाठी मासे भाजून न्याहारी दिली आणि मगच विचारलं माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक उत्तराला एकच काम सांगितलं, माझी मेंढरं सांभाळ. आधी पोटाला दिलं, मग प्रश्न, मग जबाबदारी. मला हा क्रम फार आवडतो.

बागणीची_सून

मला एवढं शास्त्र येत नाही पण पायांवरून आठवलं म्हणून लिहिते. पेत्र म्हणतो ना, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, आणि प्रभू म्हणतो मग तुला माझ्याबरोबर वाटा नाही. सेवा करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची सेवा घ्यायला लई जड जातं. आणि जो घेत नाही तो कळत नकळत वरच बसलेला राहतो असं मला वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा माहेरी सांगलीत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, ४५ ला धोका धरतात तिथं. आमच्या ओळखीच्या एका मंडळीनं हॉल उघडला, जातपात काही नाही, येईल त्याला घेतलं. पहिले दोन दिवस तिथल्या पाळकीणकाकू, म्हणजे पास्टरांच्या पत्नी, आणि महिला संघाच्या बायकांनीच सगळं केलं, खिचडी, चहा, लहानग्यांना दूध, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला पोरं पाठव. पुरातून आलेल्या बायका भिंतीला टेकून नुसत्या बसलेल्या. ताट आलं की खायचं, डोळे पुसायचे, परत बसायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला तसाच, स्वयंपाकाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भाकरी मी थापू का.

आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, नको नको मावशी, तुम्ही बसा, तुम्ही दमलाय. पाळकीणकाकूंनी काही न बोलता परात त्यांच्यापुढं सरकवली आणि स्वतः उठून चुलीला जाळ घालायला गेल्या. मावशींनी पीठ मळलं, पहिली भाकरी फिरवली आणि तिथून त्यांचा चेहराच बदलला हो. अर्ध्या तासात आणखी चौघीजणी आल्या. दुपारपर्यंत भांडी कुणी घासायची, पोरांना कुणी बघायचं हे सगळं त्या बायकांनीच ठरवलं होतं आणि काकू त्यांना विचारत होत्या, आता मी काय करू सांगा. काकूंनी त्या दिवशी मावशींच्या हातची भाकरी घेतली, तिथंच खाली बसून खाल्ली आणि अजून अर्धी मागितली.

त्या हॉलचं पुढारपण कोण करत होतं असं मला कुणी विचारलं तर मी काकूच म्हणीन. पण बघणाऱ्याला ते दिसलं नसतं.

सिस्टर_आक्का

वाचून डोळ्यात पाणी आलं गं. पेशंटचं पण असंच असतं, हात जरा हलायला लागला की चमचा त्याच्याच हातात द्यायचा, सांडलं तर सांडू दे. भरवत बसलं तर आपल्याला बरं वाटतं, तो मात्र बरा होत नाही.

सातारचा_माळकरी

मी वारकरी, गळ्यात माळ आहे. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळं हे पायांचं बोलणं मला परकं वाटलं नाही. पण मुद्दा वेगळा मांडायचाय.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात आमच्या साताऱ्यात राहायला होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून एकत्र जागा होती. मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे, म्हणून आम्हा माळकऱ्यांनाही ते आपले वाटतात. पद होतं, नाव होतं, महिन्याचा पगार होता, ते सगळं सोडून माणसं जोडायला निघाले. मला विचाराल तर खरं पुढारपण हे. पद धरून सेवा करण्यापेक्षा पदच सोडून द्यावं. सचिवभाऊ, सेवा करायला सचिव असावं लागतं का?

वाईकर_मास्तरीण

माळकरीदादा, टिळकांबद्दल आदर आहेच, आमच्या घरी त्यांची भजनं रोज होतात. पण इथं मी तुमच्याशी सहमत नाही. टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले, दरबाराला त्यांचा सहवास जेमतेम दोन वर्षं मिळाला, त्यामुळं तो पुढं कसा वाढला असता हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी नोकरी सोडली ती त्यांच्या हाकेसाठी, प्रत्येकाला तीच हाक असते असं नाही. सचिवाने पद सोडलं की ते रिकामं राहत नाही, ज्याला हौस आहे तो बसतो.

आणि पद असताना सेवा कशी करायची याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. आपल्याकडं असं झालं तर काय होतं? कुरकुर करणाऱ्यांना गप्प करतात, नाहीतर पुढारी म्हणतो थांबा उद्यापासून वाटप मी स्वतः करतो. बारा प्रेषितांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी लोकांनाच सांगितलं तुमच्यातून सात चांगले माणसं निवडा, त्यांच्याकडं हे काम देऊ. आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातलेच लोक निवडले आणि वाटपाचा कारभार त्यांच्या हातात दिला! नुसत्या त्यांच्या विधवांचा नाही हं, सगळ्यांचा. एवढा विश्वास टाकायला काळीज लागतं.

मिरज_जंक्शन

मास्तरीणबाई, हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. आमच्यात एक पोरगा आहे, सतत कुरकुरतो, माईक चांगला नाही, गाणी जुनी आहेत, कीबोर्ड कोपऱ्यात का ठेवलाय. काल त्याला घरी जाऊन भेटलो, चहा घेतला आणि म्हटलं नाताळचं सगळं संगीत तू बघ, पैसे किती आहेत ते हे असे, हॉलची एक चावी तुझ्याकडं ठेव. तो म्हणाला खरंच का. नंतर म्हणाला दोन पोरींना बरोबर घेऊ का, त्यांना आवाज आहे पण कुणी कधी विचारलं नाही.

आज पंचांच्या कानावर गेलंय आणि एक काका नाराज आहेत, म्हणतात चावी कशाला दिलीस, उद्या काही हरवलं, मोडलं, गाणं भर उपासनेत फसलं तर नाक आपलं जाणार. मी काय उत्तर द्यावं?

सिस्टर_आक्का

फसणारच आहे काही ना काही, ते धरूनच चाल.

आमच्या त्या इनचार्जचं अजून एक सांगते. एकदा माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलीकडून इंटेक-आऊटपुटचा चार्ट, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली त्याची नोंद, अर्धवट राहिला, रात्रीचं काही लिहिलंच नव्हतं. सकाळी राउंडला डॉक्टर सगळ्यांसमोर तापले, कुणाची ड्यूटी होती म्हणाले. ती पोरगी थरथर कापायला लागली. इनचार्ज पुढं झाल्या, म्हणाल्या, वॉर्ड माझा आहे सर, चार्ट मी बघायला पाहिजे होता. विषय संपला. राउंड गेल्यावर त्यांनी तिला लिनन रूममध्ये नेलं, दार लावलं आणि चांगली वीस मिनिटं बोलल्या, ती रडूनच बाहेर आली. पण संध्याकाळी त्याच तिच्याबरोबर चार्ट घेऊन बसल्या, एकेक रकाना भरून घेतला. ती मुलगी पुढं स्वतः इनचार्ज झाली.

तर काकांना सांग की गाणं फसलं तर मला बोला, पोरांना नको. आणि चांगलं झालं तर पोरांची नावं घ्या, माझं नको. हे दोन्ही पाळायला जड जातं, दुसरं जरा जास्तच. आणि पोरगं चुकलं तर दार लावून बोलायचं, ग्रुपवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला झापणं म्हणजे भर चौकात झापणं.

आणि एक, दमलास की घरी जा. मार्कच्या ६व्या अध्यायात शिष्य काम करून आले, जेवायलाही वेळ मिळेना एवढी गर्दी, तेव्हा प्रभूच म्हणाला चला, एकांती जाऊन थोडं विसावा घ्या. सेवा म्हणून झोप, जेवण, घरच्यांचा वेळ सगळं घालवणारी माणसं मी बघितलीत, पुढं पुढं ती चिडचिडी होतात आणि त्यांचा राग पेशंटवर निघतो.

उसाचा_फड

सगळं वाचलं. मास्तरीणबाई, ते "फी बघायची आणि दूध परत करायचं" माझ्या डोक्यातनं जाईना. पण आमच्याकडं अजून एक गोम आहे. लोक तोंडावर बोलत नाहीत पण पाठीमागं म्हणतात संचालकांच्या घरचं दूध कोण तपासतंय. आणि खरं सांगायचं तर काट्यावरचं पोरगं आमच्या घरचं कॅन बघतच नाही, भीड पडते त्याला. आमच्या दुधात खोट नाही, पण हे लोकांना कसं सांगायचं?

वाईकर_मास्तरीण

सांगू नका. उद्या सकाळी गर्दीच्या वेळेला तुम्ही स्वतः कॅन घेऊन जा, रांगेत उभे राहा आणि त्या पोराला म्हणा चेअरमनचं दूध आधी तपास, फॅट आणि डिग्री मोठ्यानं वाच आणि पावती दे. संध्याकाळी पण तेच.

उसाचा_फड

आणि एखाद्या दिवशी आमचीच डिग्री कमी लागली तर? पावसाळ्यात ओला चारा असला की पातळ लागतं कधीकधी.

सिस्टर_आक्का

तर कॅन उचलायचा आणि सगळ्यांच्या देखत घरी परत न्यायचा. त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून मग जायचं, म्हणजे त्याला कळेल की तो बरोबर वागला.